ओलीचा हिशेब : चिरूट, विडी आणि हळद

नांदेडहून निघालेली मोटार अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्यावर येते, तेव्हा रस्त्याला दोन तोंडे फुटतात. एक जातो आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. इथली खिचडी प्रसिद्ध आहे, आणि तिच्यातली हळदही गावचीच, असे म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत या फाट्यावर थोडा वेळ उभे राहून मालमोटारींकडे बघावे. ताडपत्री घट्ट आवळलेली, दोर दोनदा फिरवलेले, आणि आभाळात एखादा काळा ढग दिसला की ड्रायव्हर खाली उतरून गाठी पुन्हा तपासतो. आत वसमत-हिंगोलीच्या बाजारातली हळद असते. ती कडक वाळलेली असते. तिला पाणी लागता कामा नये, हे ड्रायव्हरला कुणी शिकवावे लागत नाही.

पण पाणी नुसते ढगातूनच येते असे नाही. ते हवेतून येते, जमिनीतून येते, बारदानातून येते, आणि कित्येकदा मालातच दडून बसलेले असते. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : सादळणे. श्रावणात पापड सादळतो, मीठ पाझरते, काडेपेटीची काडी ओढली तरी पेटत नाही. कोणी त्यांच्यावर पाणी ओतलेले नसते. कोरडा पदार्थ हवेतली ओल घेतो आणि हवा कोरडी झाली की ती परत देतो. ही देवघेव चोवीस तास चालू असते. व्यापाराच्या इतिहासात या देवघेवीने अनेकांना तारले आणि अनेकांना बुडवले. आज तिची हकीकत सांगायची आहे. सुरुवात मात्र हळदीपासून न करता चिरुटापासून करू, कारण ओलीचे शास्त्र सगळ्यांत नाजूकपणे कुणी सांभाळले असेल तर ते चिरूटवाल्यांनी.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. दख्खनेत तो लवकर रुजला. अकबराचा सरदार असद बेग सन १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तो तंबाखू घेऊन, आणि बादशहासमोर त्याने ती नवी वस्तू ठेवली, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी विजापूरकरांना ती ठाऊक होती. पुढे दक्षिणेत तमिळ मुलखात पान गुंडाळून ओढण्याची चाल पडली. तमिळमधल्या ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, या शब्दावरून इंग्रजांनी ‘चेरूट’ केले आणि आपण त्याचे ‘चिरूट’ केले. त्रिचनापल्लीचे चिरूट इतके नावाजले की १८८७ साली छापलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत तो गुप्तहेर नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा माल ओळखतो. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीने दिंडिगुलास कारखाने घातले. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी आपल्या हिंगोलीस होती. त्या काळच्या छावण्यांतले गोरे अंमलदार चिरुटाचे शौकीन असत, तेव्हा हिंगोलीच्या उन्हातही तडकलेल्या चिरुटावरून कुणी ना कुणी नोकर बोलणी खात असणार, असा अंदाज करायला हरकत नाही.

चिरूट तडकतो कसा? चिरुटाचे बाहेरचे पान हे एका पातळ कातड्यासारखे असते. हवा फार कोरडी झाली की ते आक्रसते आणि चिरते. आतला तंबाखू भरभर जळतो, धूर तिखट होतो. हवा फार दमट असली की चिरूट नीट पेटत नाही, फुगतो, आणि त्यावर बुरशी धरते. या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद आहे. हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावेल तिच्या शेकडा ६५ ते ७० भाग वाफ असावी, असा चिरूटवाल्यांचा आडाखा ठरला. त्यासाठी ते लाकडी पेटी वापरीत. क्यूबात देवदाराच्या नावाने ओळखले जाणारे एक सुवासिक लाकूड असते. आपल्याकडे त्याचाच भाऊबंद म्हणजे तून. हे लाकूड स्वतः ओल शोषते आणि हळूहळू सोडते, म्हणून पेटीतली हवा एकदम बदलत नाही. शौकीन लोक पेटीत ओला स्पंज ठेवून ओल राखू लागले. अशा पेटीला ह्यूमिडॉर म्हणतात. जहाजावरच्या लांब प्रवासासाठी मात्र पत्र्याचे हवाबंद डबे बरे पडले. जुन्या माणसांना पन्नास सिगारेटींचे गोल डबे आठवत असतील. सिगारेटी संपल्यावर त्या डब्यांत घरोघर बटणे आणि सुट्टे पैसे ठेवले जात. तो डबा इतका घट्ट बसे, तो मुळात पावसाळ्यावर मात करण्यासाठीच.

शिक्षकमंडळींना एक गंमत सांगून ठेवतो. झाकणाच्या बरणीत थोडे साधे मीठ घ्या, ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी त्यात घाला, आणि झाकण लावा. दिवसभरात त्या बरणीतल्या हवेची आर्द्रता शेकडा ७५ च्या आसपास येऊन ठरते आणि तिथेच राहते. ओल मोजायचे यंत्र खरे सांगते की खोटे, हे चिरूटवाले याच युक्तीने तपासतात. शाळेत सहज करून दाखवता येईल.

आता तंबाखूचा शत्रू. तो डाळीच्या दाण्यापेक्षाही लहान असा एक तांबूस भुंगेरा आहे. शास्त्रात त्याला लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी म्हणतात. चिरुटात, सिगारेटीत तो बारीक गोल भोके पाडतो. ऊब आणि ओल असली की त्याची अंडी भराभर उबतात. आणि हाच भुंगेरा, बरं का, आपल्या हळकुंडाचाही मोठा वैरी आहे. हळकुंडावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली आणि पोत्याखाली पिवळे पीठ सांडले की समजावे, तोच पाहुणा आला आहे. म्हणूनच चिरुटाची आणि हळदीची कथा एकत्र सांगावीशी वाटली. माल निराळा, गिऱ्हाईक निराळे, पण ओल आणि किडा तोच.

चिरुटाचा गरीब भाऊ म्हणजे विडी. तिचे पान तेंदूचे, आपण टेंभुर्णी म्हणतो त्या झाडाचे. किनवट-माहूरच्या रानांपासून गडचिरोली-गोंदियापर्यंत हे झाड आहे. एप्रिल-मे महिन्यांत, अंगाची लाही होत असताना, बायामाणसे पहाटे उठून पाने तोडतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी, असे माप आहे. इथे ओलीची गंमत बघा. पुडे उन्हात वाळवायचे, नाहीतर पान काळे पडून कुजते. पण वाळलेले पान हाताळले तर त्याचा चुरा होतो. मग काय करायचे? वाळलेल्या पुड्यांवर पाणी शिंपडायचे, पान मऊ पडले की गोणी भरायची, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत ती वखारीत न्यायची. शिंपण जास्त झाले तर गोणी आतून तापते आणि पाने सडतात. कमी झाले तर वखारीत पोहोचेपर्यंत निम्मा चुरा. किती शिंपायचे याचे माप पुस्तकात नसून शिंपणाऱ्याच्या हातात असते.

पुढे विडी वळणारी बाई तेच पान पुन्हा भिजवते, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, आणि मग कातरते. वळलेली विडी भट्टीत शेकून पुन्हा कोरडी केली जाते. म्हणजे एकाच पानाची ओल चार-पाच वेळा घालायची आणि काढायची. कच्चे पान कुजके निघाले तर त्यातून विड्या कमी निघत आणि तो तोटा वळणाऱ्या बाईच्या माथी येई. शिवाय कारखानदाराचा माणूस ‘छाट’ म्हणून काही विड्या बाजूला टाकी. त्यांची मजुरी द्यायची नाही आणि विड्याही परत करायच्या नाहीत, अशी रीत अनेक ठिकाणी होती. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात कच्च्या मालाचे वाटप, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे तंटे सोडवण्यासाठी खास कलम घालावे लागले. ओल ही नुसती शास्त्राची बाब नाही, ती मजुरीची बाब आहे, हे त्या कलमावरून दिसते. तंबाखू शरीराला घातक आहे हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि मी काही तो ओढायची शिफारस करायला इथे बसलेलो नाही. पण या धंद्यात ज्यांचे हात राबले त्यांचे कसब इतिहासात नोंदले पाहिजे.

आता हळदीकडे येऊ. हळद हे आठ-नऊ महिन्यांचे पीक, तिला पाणी भरपूर लागते. पूर्णेवरचे येलदरी-सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर ही धरणे झाल्यावर या भागात कालव्याचे पाणी आले. नंतर विहिरी वाढल्या, ठिबक आले, आणि वसमत-हिंगोली-कळमनुरी हा पट्टा हळदीच्या व्यापारात पुढे आला. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ साली मिळालेले होते.

ओली हळद काढली की तिच्यात पाणीच पाणी असते. शंभर किलो ओल्या हळदीत ८० किलो पाणी धरले तर सत्त्व राहते २० किलो. ती काहिलीत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात. शिजली नाही तर गाभा कच्चा राहतो, आणि सगळीकडे सारखी वाळत नाही; जास्त शिजली तर रंग उतरतो. मग उन्हात दहा-पंधरा दिवस पसरून ठेवायची. ओल शेकडा १० वर आली म्हणजे त्या शंभर किलोंचे राहतात जेमतेम २२ किलो. शेतकऱ्याजवळ यंत्र नसले तरी कान आहे. हळकुंड मोडले की खण्ण असा आवाज आला पाहिजे. नुसते वाकले, किंवा मऊपणे तुटले, तर अजून दोन उन्हे द्यावी लागतात.

इथे हिशेब नीट ध्यानात घ्यावा. समजा एक क्विंटल हळदीत ओल शेकडा १४ आहे. म्हणजे कोरडा माल ८६ किलो. तीच हळद शेकडा १० ओलीवर आणली तर वजन भरेल साडेपंच्याण्णव किलो. साडेचार किलो कुठे गेले? हवेत गेले. म्हणून घाईने विकणाऱ्याला वाटते, ओलसर माल घातला तर वजन जास्त भरेल. व्यापाऱ्यालाही हे कळते, तो घट धरतो, आणि बऱ्याचदा जितकी ओल त्याहून अधिक घट धरतो. शेतकरी म्हणतो माल कडक आहे, अडत्या म्हणतो दमट आहे. मध्ये मोजमाप नसले की ज्याला थांबायला सवड नाही तो हरतो. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसे मेली. ते आंदोलन भावासाठी होते. पण शेतात तयार झालेला, ठेवला तर बिघडणारा माल ज्याच्याजवळ आहे, त्याला भाव ठरवता येत नाही, हे दुखणे त्याच्या मुळाशी होतेच. हळद किंवा तंबाखू, जो माल सुरक्षित ठेवता येतो तोच अडून विकता येतो.

आणि हळद सुरक्षित ठेवण्याची आपली अस्सल युक्ती म्हणजे पेव.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढे. खाली पोट मोठे, रांजणासारखे. मराठवाड्याच्या खेड्यांत ज्वारीची पेवे असत. ती काळ्या रानात खोदत नाहीत, कारण काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गावठाणाची पांढरी माती त्याला लागते. ही कल्पना फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ नंतर बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. म्हणजे महाराष्ट्रातला पहिला शेतकरी आणि पेव यांची ओळख फार लांबची नाही.

हळदीच्या पेवांचे गाव म्हणजे सांगलीजवळचे हरिपूर. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तिथे आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे. तिथली माती घट्ट. खोल खोदले तरी कड ढासळत नाही आणि आत पाणी पाझरत नाही. अशी पेवे तिथे फार मोठ्या संख्येने होती. आत उसाचे पाचट आणि चटया लावून हळद भरायची, तोंडावर शिळा ठेवायची, मातीने लिंपून टाकायची. मग दोन वर्षे, चार वर्षे बघायला नको. वर व्यापाऱ्याच्या हाती नुसती चिठ्ठी फिरते, आणि हळद जागेवरून न हलता मालक बदलत राहते. सांगली ही हळदीची मोठी पेठ झाली, तिच्यामागे पेठेतल्या गाद्या जितक्या आहेत तितकीच हरिपूरची माती आहे, असे माझे मत आहे.

पेवात हळद का टिकते? एक तर जमिनीखाली ऊन-थंडी पोहोचत नाही. उष्णता वर्षभर जवळजवळ सारखी. दुसरे म्हणजे हवा बंद. आत जे काही जिवंत आहे, थोडीफार बुरशी, थोडे किडे, ते श्वासोच्छ्वास करतात आणि आतला प्राणवायू संपवतात. मग तो तांबूस भुंगेरा स्वतःच गुदमरून मरतो. औषध नको, धुरी नको. आज परदेशी विद्यापीठांनी धान्यासाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या काढल्या आहेत, आफ्रिकेत चवळी साठवायला त्या फार उपयोगी पडल्या. तत्त्व तेच, पेवाचे. फक्त खड्ड्याच्या जागी प्लॅस्टिक आले.

पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. पेव ओल काढून टाकत नाही, आहे ती सांभाळते. कडक वाळलेली हळद आत गेली तर कडक बाहेर येते, क्वचित थोडी ओल घेऊन वजनाला किंचित जडही होते, असे व्यापारी सांगतात. दमट हळद घातली तर आत जाळी धरते आणि पेव उघडल्यावर कुबट वासच बाहेर येतो. या बुरशीतल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते हळद दळली, शिजवली तरी जात नाही.

मग २००५ साल आले. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात कृष्णेला जो महापूर आला त्याचे पाणी हरिपुरात शिरले आणि पेवांत उतरले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीने पाणी आत येऊ दिले नव्हते तिचे काही चालले नाही, कारण पाणी खालून किंवा बाजूने न येता तोंडातून आले. हळद फुगली, सडली. ज्यांची चिठ्ठी हातात होती त्यांच्याजवळ चिठ्ठीच उरली. त्यानंतर पुष्कळ व्यापाऱ्यांनी पेवे सोडून जमिनीवरच्या गोदामांचा आणि शीतगृहांचा रस्ता धरला. २०१९ साली पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा तो निर्णय योग्य होता असे त्यांना वाटले असणार. गोदामात मात्र पेवाची शांतता नाही. तिथे कीड येते, धुरी द्यावी लागते, भाडे भरावे लागते.

भिजलेल्या हळदीचा याहून वाईट परिणाम शेजारच्या देशात झाला. बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठ्या पुरानंतर हळद नीट वाळली नाही, काळपट पडली. गिऱ्हाईक पिवळा रंग मागते. तेव्हा काही पॉलिश करणाऱ्यांनी तिला शिशाचे पिवळे रंगद्रव्य, लेड क्रोमेट, चोळायला सुरुवात केली. माल चमकला. पूर ओसरला, पण चाल राहिली. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि तिथल्या संशोधकांनी हा माग काढला, सरकारने धाडी घातल्या, आणि दोन वर्षांत बाजारातली ती भेसळ जवळपास थांबली. आपल्याकडेही असा रंग पकडला गेल्याची उदाहरणे आहेत. वाळवण चुकले की ते झाकायला कोणीतरी रंगाचा डबा उघडतो. म्हणून फार भडक, हाताला रंग सोडणारे हळकुंड दिसले तर खूश होऊ नये.

राहता राहिला प्रवास. ट्रकातून हळद निजामाबादला, सांगलीला, दूर इरोडला जाते, आणि मुंबईच्या बंदरातून परदेशी जाते. जहाजावरच्या बंद लोखंडी पेटीत एक विलक्षण प्रकार घडतो. दिवसा पेटी तापते, मालातली आणि बारदानातली ओल वाफ होऊन वर जाते. रात्री समुद्रावर लोखंड गार पडते, आणि गार तांब्याबाहेर जसे थेंब धरतात तसे ते पेटीच्या छताला आतून धरतात. मग ते मालावर टपटपतात. बाहेर आभाळ निरभ्र असते आणि आत पाऊस पडतो. दर्यावर्दी लोक याला पेटीला घाम सुटला म्हणतात. त्यासाठी ओल शोषणाऱ्या पिशव्या छताशी टांगतात, पोत्यांवर जाड कागद पसरतात. मुळात माल शेकडा १२ ओलीच्या आत असला, लाकडी फळ्या आणि बारदान कोरडे असले, तर घाम फारसा सुटत नाही.

आपल्या घरच्या साठवणीला याहून वेगळे काही लागत नाही. पोते जमिनीवर टेकवू नये, खाली लाकडी फळ्या घालाव्यात. भिंतीपासून हातभर दूर थप्पी लावावी, कारण पावसाळ्यात भिंत पाझरते. दुपारच्या उन्हात तापलेली हळद लगेच पोत्यात भरून तोंड शिवू नये. ती गार होताना आतल्या आत घाम सोडते, अगदी त्या जहाजातल्या पेटीप्रमाणे. संध्याकाळी ढीग झाकून ठेवावा, सकाळी गार झाल्यावर भरावा.

आणि कुठे जुने पेव असेल, हळदीचे असो की ज्वारीचे, तर त्याचे तोंड उघडून तसेच काही तास ठेवल्याशिवाय कुणाला आत उतरू देऊ नये. हरिपूरचे हमाल आधी पेटता दिवा दोरीने आत सोडीत. दिवा तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरे. विझला तर पुन्हा थांबत.